हाकेला येईल असं नाव

कुत्रीचं पिल्लू घरी येऊन 11 दिवस झाले तरी तिला नाव नव्हतं. "पिल्लू", "ए बाळा", "ठमे", ज्याच्या तोंडी जे येईल ते. चार महिन्यांची आहे, वजन 19 किलो. आई मास्टिफ, बाप शेफर्ड. पंजे अंगाच्या मानाने इतके मोठे की चालताना फरशीवर थप थप आवाज येतो. पूर्ण वाढली की 45 किलोच्या आसपास भरेल असं डॉक्टर म्हणाले. राखणीसाठीच आणली आहे.

नावं पुष्कळ आली. वाघीण, रणरागिणी, ज्वाला, दामिनी. दादाचं म्हणणं एकच, नाव ऐकूनच माणूस फाटकाबाहेर थांबला पाहिजे. मी पहिल्याच दिवशी नाही म्हटलं, कारण आमच्याकडे पूर्वी चंडी होती.

चंडी गुणी होती. तिच्या नावाचं वाटोळं आम्ही केलं. काही सांडलं की "चंडी!", चप्पल फाडली की "चंडी!", कुणावर भुंकली की सगळे मिळून "चंडी, चंडी, चंडी!" प्रेमाने जवळ घेताना मात्र आम्ही तिला "बाळ" म्हणायचो. म्हणजे नाव कानावर पडलं की पुढे ओरडा येणार, एवढंच ती शिकली. नाव घेतलं की कान मागे, शेपूट पोटाखाली. एका संध्याकाळी फाटक उघडं राहिलं आणि ती रस्त्यावरच्या एका मुलामागे धावली. मी जिवाच्या आकांताने तिचं नाव घेत होते आणि ती मागे वळून बघत नव्हती. का बघेल? मुलगा घाबरून पडला, कोपर सोलवटलं. चंडीने त्याला दातही लावला नाही. पण तो रडण्याचा आवाज माझ्या कानातून गेलेला नाही.

तेव्हापासून माझं पक्कं मत आहे. राखणीच्या कुत्रीचं नाव चोरासाठी नसतं. चोराला तिचा आकार पुरतो, घशातली गुरगुर पुरते. नाव लागतं ते तिला परत बोलवायला. एवढं मोठं जनावर एकदा सुटलं की आपल्या हातात दुसरी दोरी राहत नाही.

हा विचार करणारी मी पहिली नाही, हे वाचून बरं वाटलं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला नावाच्या रोमन लेखकाने शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात राखणीच्या कुत्र्यांवर अख्खं प्रकरण आहे. वाड्यावरचा कुत्रा काळा असावा, म्हणजे दिवसा चोराला धडकी भरते आणि रात्री तो दिसत नाही, असं तो सांगतो. आणि मग नावावर येतो. नाव फार लांब नको, हाक मारल्याबरोबर कळलं पाहिजे, पण दोन अक्षरांहून लहानही नको. कुत्रींसाठी त्याने सहा नावं दिली आहेत. तीन ग्रीक: स्पूदे, अल्के, रोमे, म्हणजे तत्परता, बळ, सामर्थ्य. तीन लॅटिन: लुपा, केर्वा, टिग्रिस. लांडगी, हरिणी, वाघीण. राखणीच्या कुत्रीचं नाव हरिणी! मला हा माणूस एकदम आवडला.

पण मराठीत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे माझं आधी लक्षच नव्हतं. आपण नाव ठेवतो एक आणि हाक मारतो दुसरीच. तारा असेल तर "तारे", गंगा असेल तर "गंगे". कुत्रीला कागदावरचं नाव कधी ऐकू येतच नाही, तिला ऐकू येते ती हाक. म्हणून मी नावांची यादी बाजूला ठेवली आणि हाकांची केली. एकेक हाक मागच्या दारातून अंगणाच्या टोकापर्यंत मारून पाहिली. "दामिनी" तीन अक्षरी, घाईत "दामने" होतं. "ज्वाले" म्हणताना जीभ अडखळते.

मला मनापासून हवं होतं ते सरमा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 108 वं सूक्त तिचं आहे. पणी नावाच्या शत्रूंनी गाई पळवून दडवल्या, त्यांचा माग काढत इंद्राची ही कुत्री, त्याची दूती होऊन, रसा नदी ओलांडून जाते. पणी तिला म्हणतात, तू आमची बहीण हो, परत जाऊ नकोस, गाईंतला वाटा देतो. ती ऐकत नाही. कशालाही न भुलणारी कुत्री, याहून चांगलं नाव कुठलं! संस्कृतात कुत्र्याला सारमेय म्हणतात तेही तिच्यावरूनच. आणि सूक्तात पणी तिला हाक मारतात ती "सरमे" अशीच, अगदी आपल्यासारखी.

दोन दिवस सरमा म्हटलं आणि सोडून दिलं. ही पोर दिवसभर उंबऱ्याशी आडवी पडते. येणारा जाणारा प्रत्येकजण तिला म्हणतो, "सर गं", "सर बाजूला". 2020 साली बुडापेस्टच्या संशोधकांनी कुत्र्यांच्या मेंदूतल्या लहरी मोजल्या. ओळखीचा शब्द आणि एखाद्याच ध्वनीने वेगळा असलेला निरर्थक शब्द यांतला फरक त्या लहरींत दिसला नाही. मग "सर" आणि "सरमे" यांत हिने गोंधळ का करू नये? आधी दूर हो म्हणायचं आणि तसाच शब्द वापरून जवळ बोलवायचं, हे चंडीच्या वेळी केलं तेच झालं असतं.

परवा रात्री आई पाणी प्यायला उठली. दाराला पाठ लावून, पुढचे पाय एका चौकटीला आणि मागचे दुसऱ्या चौकटीला टेकवून ही झोपली होती. आई म्हणाली, "अगं, बघ तरी, दाराला आगळ घातल्यासारखी पडलीय."

आगळ. जुन्या दारामागे आडवं सरकवायचं ते लाकूड. नीट दोन अक्षरांत बसत नाही, पण हाकेत "आग्ळे" होतं आणि दोनावर येतं. सुरुवातीलाच मोकळा आ, तो लांब जातो. रागाने म्हणायला गेलं तरी शब्द फारसा कडक होत नाही, ही माझी खरी कसोटी होती. दादाला पटायला वेळ लागला. "भीती नाही वाटत," म्हणाला. नकोच वाटायला.

आता शिकवणं चालू आहे. नाव एकदाच घ्यायचं, नेहमीच्या आवाजात. तिने बघितलं की लगेच खाऊ. बघितलं नाही तर पुन्हा पुन्हा ओरडायचं नाही, चार पावलं जवळ जाऊन म्हणायचं. रागावताना नाव अजिबात घ्यायचं नाही, तेव्हा नुसतं "अं हं". हा नियम मी स्वयंपाकघराच्या दारावर लिहून लावला आहे. आज दुपारी पाठमोरी बसली असताना मी हळूच "आगळे" म्हटलं. आधी डावा कान वळला, मग मान.

एक अडचण निघालीच. तिला गादीवर पाठवायला आम्ही "जागेवर" म्हणायचो, आणि काल तो शब्द ऐकून ती उठून माझ्याकडे आली, शेपूट हलवत, खाऊ मागत. तिचं काय चुकलं? मी तिला खाऊ दिला. "जागेवर" कालपासून घरात बंद. आता आम्ही "गादी" म्हणतो.