रोजचं पाचचं ब्रीफिंग
आज हो ची मिन्ह सिटीत मनसोक्त पायपीट झाली. रेक्स हॉटेलपाशी गाइडनं अमेरिकन लष्कराच्या रोजच्या ब्रीफिंगचा विषय काढला आणि बायको फोटो काढत पुढे गेली तरी मी तिथेच रेंगाळलो.

व्हिएतनाम युद्धाच्या काळात रोज संध्याकाळी अधिकारी आकडे वाचायचे, शत्रूचे आज इतके मारले म्हणून. समोरचे पत्रकार स्वतः आघाडीवर जाऊन आलेले. ते या प्रकाराला 'फाइव्ह ओक्लॉक फॉलीज', म्हणजे पाचचा पोरखेळ, म्हणायचे, तोंडावर हसायचेसुद्धा!

नोव्हेंबर १९६७ मध्ये व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैन्याचे प्रमुख जनरल वेस्टमोरलंड वॉशिंग्टनला सांगून आले की युद्धाचा शेवट दिसू लागलाय. जानेवारीअखेर, टेटच्या म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या सणात, व्हिएतकाँगची, म्हणजे दक्षिणेतल्या कम्युनिस्ट गनिमांची, तुकडी सायगावातल्या (हेच आजचं हो ची मिन्ह सिटी) अमेरिकन वकिलातीच्या आवारात घुसली. खरं तर त्या सणात देशभर झालेल्या हल्ल्यांत जबर मार व्हिएतकाँगनंच खाल्ला. पण टीव्हीसमोर बसलेल्या अमेरिकन माणसाला हे पटवणार कोण? साहेब दोन महिन्यांपूर्वी काय बोलले होते, ते तो विसरला नव्हता.

लष्करातल्या अनेकांनी खापर पत्रकारांवर फोडलं. १९८३ मध्ये ग्रेनाडा या कॅरिबियन बेटावरच्या अमेरिकन स्वारीत सुरुवातीला पत्रकारांना फिरकूच दिलं नाही. २००३ मध्ये इराकमध्ये मात्र त्यांना सैनिकांच्या गाडीतच बसवलं. मला विचाराल तर हे जास्त हुशारीचं. ज्याच्या बंदुकीच्या भरवशावर रात्री झोपायचं, त्याच्याविरुद्ध लिहिताना हात आखडतोच की.

संध्याकाळी वॉर रेम्नंट्स म्युझियम पाहिलं. दोन्ही बाजूंनी काम करताना मेलेल्या छायाचित्रकारांचे फोटो एकाच दालनात आहेत. बाकीच्या दालनांत अर्थात जिंकलेल्यांचं ब्रीफिंग चालू आहे.