झोपायलाच तर जायचंय!

"हॉटेलात काय, झोपायलाच तर जायचंय!" हे वाक्य मराठी घरातल्या प्रवासाची राज्यघटनाच म्हणायला हवं. दिवसभर देवळं, किल्ले, समुद्र बघायचा. रात्री स्वच्छ चादर, बादलीभर गरम पाणी आणि सकाळी चहा मिळाला की झालं. बहुतेक ठिकाणी हे कलम बिनतक्रार लागू पडतं. ते अडखळतं अमेरिकेतल्या ओरलँडोला, डिस्ने वर्ल्डच्या दारात, लहान मुलं बरोबर असतील तर. कारण तिथे झोपायला जायची वेळ रात्रीची नसते. ती असते दुपारी दीडची.

त्या दीडचं महत्त्व मुलांच्या आईबापांना सांगायला नको. सकाळी साडेआठला उड्या मारत आत गेलेलं चार वर्षांचं मूल एक वाजेपर्यंत रांगा, ऊन आणि आइस्क्रीम यांनी पुरतं बेजार झालेलं असतं. फ्लोरिडाचा उन्हाळा म्हणजे 33-34 अंश आणि मुंबईच्या मे महिन्याची आठवण करून देणारा दमटपणा. त्यात दुपारी हमखास गडगडाट. रात्रीची आतषबाजी नऊ-दहाच्या सुमाराला. मधले सात-आठ तास मुलाला तिथेच फिरवत ठेवलं तर आतषबाजी सुरू होते तेव्हा ते खांद्यावर झोपलेलं असतं, किंवा भोकाड पसरून आतषबाजीशी स्पर्धा करत असतं. म्हणून जाणती मंडळी दुपारी बाहेर पडतात, मुलाला झोपवतात, हॉटेलच्या पोहायच्या तलावात डुंबवतात आणि पाचला पुन्हा आत शिरतात. हे जमतं की नाही, याचा फैसला एकाच आकड्यावर होतो: गेटपासून पलंगापर्यंत किती मिनिटं? हॉटेलचे तारे, लॉबीतलं झुंबर, उशांची संख्या हे सगळं त्यानंतर.

आता ही मिनिटं मोजू. डिस्ने वर्ल्ड 1971 साली उघडलं आणि त्याची जागा आहे साधारण 100 चौरस किलोमीटर. त्यात चार वेगवेगळी पार्क, एकमेकांपासून काही किलोमीटरवर. मुलांचं सगळ्यात लाडकं मॅजिक किंगडम, आणि नेमकं तिथेच पार्किंग गेटसमोर नाही. गाडी लावायची तळ्याच्या अलीकडे, ट्रान्सपोर्टेशन अँड तिकीट सेंटरला. तिथून मोनोरेल किंवा फेरीबोटीने तळ्यापलीकडे जायचं. दुपारी बाहेर पडायचं तर हाच क्रम उलटा: गेट, बोटीची रांग, तळं, ट्राम किंवा पायपीट, तापलेली गाडी, मग डिस्नेबाहेरच्या, किसिमी गावाकडच्या हॉटेलापर्यंतचा रस्ता. एका बाजूला तास सहज जातो. जाऊन-येऊन दोन तास प्रवास आणि दीड तास झोप, हा व्यवहार कोणी दुसऱ्यांदा करत नाही. बाहेरच्या हॉटेलांची 'फुकट शटल' असते, पण ती ठरलेल्या मोजक्या वेळांना सुटते आणि तळ्याच्या अलीकडेच सोडते. फुकट या शब्दाला भुलण्याआधी तिचं वेळापत्रक मागून घ्यावं.

डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांच्या बस मात्र मॅजिक किंगडमच्या थेट गेटाजवळ येतात. ऑल-स्टार नावाची जी स्वस्तातली तीन हॉटेलं आहेत, तिथे फक्त बस. वीसेक मिनिटं वाट, तेवढाच प्रवास, म्हणजे पाऊण तास धरावा. एक बारकावा मात्र आधी कळलेला बरा: बसमध्ये स्ट्रोलर, म्हणजे बाबागाडी, घडी करूनच चढवावा लागतो. रात्री दहाला झोपलेलं मूल एका हातात, घडी केलेला स्ट्रोलर दुसऱ्या हातात, पिशव्या गळ्यात, आणि बसमध्ये उभं राहायलाच जागा. मोनोरेलमध्ये स्ट्रोलर तसाच ढकलत आत नेता येतो, झोपलेल्या मुलासकट. कंटेम्पररी, पॉलिनेशियन आणि ग्रँड फ्लोरिडियन ही मोनोरेलवरची तीन हॉटेलं. कंटेम्पररीहून तर मॅजिक किंगडम चालत दहा मिनिटांवर आहे. रात्रीचे सहाशे ते हजार डॉलर घेतात ते या दहा मिनिटांचे. तिथलीच गार्डन विंग ही बाजूची इमारत त्यातल्या त्यात स्वस्त पडते, आणि पायवाट तीच.

पण पाकीट आणि पाय दोघांनाही परवडेल असा मधला रस्ता आहे. 2019 मध्ये स्कायलायनर नावाची केबल कार सुरू झाली. ती पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ अॅनिमेशन या दोन स्वस्त गटातल्या हॉटेलांना एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या दोन पार्कांशी जोडते. डबे एकामागून एक येत राहतात, स्ट्रोलर बहुतेक वेळा उघडाच आत जातो, आणि मुलांना तीही एक राइडच वाटते, तीही फारशी रांग न लावता. वीज कडाडली की मात्र ती थांबवतात, आणि उन्हाळ्यात वीज कडाडते नेमकी दुपारीच. तेव्हा आभाळ काळवंडायला लागलं की 'अजून एक राइड' म्हणत रेंगाळू नये. मॅजिक किंगडमला स्कायलायनर जात नाही. तिथे पुन्हा बसच. तरी पहिल्यांदा जाणाऱ्या चौकोनी कुटुंबाने डोळे मिटून निवडावं ते पॉप सेंच्युरी, असं माझं ठाम मत आहे.

याला आणखी एक कारण. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना चारही पार्कांत रोज अर्धा तास आधी सोडतात, आणि रांग टाळण्याचे लाइटनिंग लेनचे पास सात दिवस आधी घेता येतात. बाहेरच्यांना तीनच दिवस आधी. पास विकतच घ्यावे लागतात, पण चांगल्या वेळा आधी येणाऱ्याला मिळतात. या दोन्ही सवलती सगळ्यात स्वस्त खोलीलाही तितक्याच लागू आहेत. महागड्या हॉटेलांना वर काय मिळतं? ठरावीक रात्री बंद होण्याच्या वेळेनंतरही थांबायची मुभा. ज्या घरात नऊला दिवे मालवतात, त्यांना तिचा उपयोग शून्य.

बाहेरचं हॉटेल 110 डॉलरला दिसतं तेव्हा कागद-पेन्सिल घ्यावी. समजा रिसॉर्ट फी (भाड्यावर सक्तीने लावलेला आकार) 30, हॉटेलचं पार्किंग 15, पार्कचं पार्किंग 30, झाले 185. खोलीभाड्यावर साडेबारा ते साडेतेरा टक्के कर दोन्हीकडे असतोच. डिस्नेच्या हॉटेलांत रिसॉर्ट फी नाही, आणि तिथे राहणाऱ्यांना हॉटेलचं आणि पार्कचं साधं पार्किंग फुकट. म्हणजे डिस्नेची 200 ची खोली आणि बाहेरची 110 ची खोली यांच्यातलं अंतर करासकट वीस-पंचवीस डॉलरवर येतं. सुट्ट्यांच्या गर्दीत हा हिशेब फिरतो, कारण तेव्हा डिस्नेचे दर उसळतात. म्हणून आकडे आपल्या तारखांचेच मांडावेत.

आता आजी-आजोबा. अमेरिकेतल्या मराठी घरात ते सहा महिन्यांसाठी आले की डिस्नेची सहल ठरतेच, आणि इथे सगळं गणित उलटं होतं. स्वस्त हॉटेलांच्या साध्या खोलीत चारच माणसं राहू देतात. सहांसाठी आर्ट ऑफ अॅनिमेशनमध्ये फॅमिली स्वीट आहेत. दोन न्हाणीघरं, छोटा फ्रिज आणि मायक्रोवेव्हसकट. (याच हॉटेलातल्या लिटल मर्मेडच्या खोल्या स्वस्त, पण लॉबीपासून सगळ्यात लांब, आजोबांच्या गुडघ्यांना विचारून मगच त्या घ्याव्यात.) पण चार रात्रींहून जास्त राहायचं असेल तर किसिमी किंवा डेव्हनपोर्टकडे तीन-चार खोल्यांचं घर भाड्याने घेणं शहाणपणाचं. स्वयंपाकघर, कपडे धुवायचं यंत्र, मागे पोहायचा तलाव. दिवसभर पिझ्झा आणि फ्राइज खाऊन आल्यावर रात्रीच्या वरणभाताची किंमत कुठल्याच दरपत्रकात नसते. शिवाय डिस्ने पार्कात घरचं खाणं नेता येतं, काचेचं काही मात्र नको. मेथीचे ठेपले, दशम्या, गूळपोळी खुशाल न्यावी. काउंटरवर मागितलं की बर्फाचं पाणीही फुकट देतात.

मुलं मोठी झाली की दुपारच्या झोपेचा मुद्दाच निकाली निघतो. स्पेस माउंटन या राइडला उंची 44 इंच लागते, ट्रॉनला 48. मूल तेवढं झालं की त्याला पलंग नको, राइड हव्या. हॉटेलच्या पैशात रांगांतून सुटका विकत घेता येईल का, हे मग बघावं. त्यासाठी शेजारच्या युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीच्या थीम पार्कांना जावं. तिथल्या पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत खोलीतल्या पाहुण्यांना जुन्या दोन पार्कांसाठी रांग टाळायचा एक्सप्रेस पास भाड्यातच मिळतो, आणि तो येण्याच्या आणि जाण्याच्या दोन्ही दिवशी चालतो. एक रात्र, दोन दिवस. चौघांचे दोन दिवसांचे पास सुटे घेतले तर गर्दीच्या दिवसांत खोलीभाड्याच्या वर जातात. 2025 मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या तिथल्या नव्या पार्कला मात्र हा पास चालत नाही.

आपल्याकडे खोपोलीजवळच्या इमॅजिकालाही गेटाशेजारी हॉटेल आहे. पुण्या-मुंबईहून सकाळी निघून रात्री परतता येतं, त्यामुळे फक्त थीम पार्क करायचं असेल तर खोली कशाला? दोन दिवसांत थीम पार्क आणि वॉटर पार्क दोन्ही करायची असतील तर मात्र घ्यावी. रविवारी संध्याकाळी ओल्या कपड्यांतली मुलं घेऊन घाटात अडकण्यापेक्षा ते भाडं परवडतं.

झुंबरासाठी पैसे मोजावेत असं हॉटेल मला ओरलँडोत एकच वाटतं: अॅनिमल किंगडम लॉज. सव्हाना व्ह्यू असं लिहिलेली खोली घेतली तर सकाळी सज्जासमोर जिराफ आणि झेब्रे चरत असतात. साध्या व्ह्यूच्या खोलीतून काय दिसेल याचा भरवसा नाही. तिथून सगळीकडे बसच, आणि मॅजिक किंगडम बरंच लांब. त्यामुळे तिथे राहायचं त्या दिवशी पार्कचं तिकीटच काढू नये.

महाग खोली स्वस्तात मिळवायचा राजमार्ग म्हणजे डिस्ने व्हेकेशन क्लबच्या सभासदांचे पॉइंट (ज्यांच्या बदल्यात ते खोल्या घेतात) भाड्याने घेणं. दर बरेच खाली येतात, पण पैसे सहसा परत मिळत नाहीत. शाळेची परीक्षा आणि आजींचा व्हिसा पक्का झाल्यावरच तिकडे वळावं. दुसरी युक्ती मुक्काम फोडण्याची. आधी चार रात्री भाड्याचं घर, शेवटच्या दोन मोनोरेलवर, आणि मॅजिक किंगडम त्या दोन दिवसांसाठी राखून ठेवायचं. हॉटेल बदलण्याच्या दिवशी सकाळीच सामान नव्या हॉटेलच्या बेल सर्व्हिसकडे, म्हणजे सामान सांभाळणाऱ्यांकडे, टाकून पार्कात जाता येतं. खोली दुपारी तीनच्या आत मिळेलच असं नाही, पण तलावात आधीपासून उतरता येतं. तेवढे पोहायचे कपडे, टॉवेल आणि मुलाची झोपायची चादर मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावी.