प्लास्टिकच्या पट्ट्यांवर मायक्रॉनचं काम

ऑप्टिक्सच्या लॅबमधे सगळ्यात जास्त वेळ कशात जातो तर अलाइनमेंटमधे, म्हणजे सगळे भाग नेमके एका रेषेत जुळवण्यात. सिंगल मोड फायबर म्हणजे प्रकाश वाहून नेणारा काचेचा बारीक तंतू, त्याचा गाभा जेमतेम 8-9 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यात लेसर घालायचा म्हणजे फायबरचं टोक मायक्रॉनच्याही खाली हलवता आलं पाहिजे, आणि हलवलं की तिथेच राहिलं पाहिजे. यासाठीच्या तयार स्टेज, म्हणजे वस्तू बारीक बारीक हलवणारे मंच, इतक्या महाग असतात की छोट्या लॅबला एक घेतानाही दहादा विचार करावा लागतो. म्हणून ओपनफ्लेक्शर या खुल्या हार्डवेअर प्रकल्पाची ब्लॉक स्टेज मला मनापासून आवडते. डिझाइन सगळं खुलं आहे, साध्या थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकमधे छापता येतं.

यात बेअरिंग नाही की सरकणारी रेल नाही. पातळ पट्ट्या वाकतात आणि त्या वाकण्यातूनच स्टेज हलते. घासणारं काही नसल्यामुळे आधी अडकणं आणि मग एकदम उडी मारणं हा प्रकारच नाही. स्क्रूच्या आट्यांमधला ढिलेपणा रबरी ओ-रिंगच्या ताणाने निघून जातो, इतकी साधी युक्ती आहे ही!

आता हिशोब बघा. एम3 स्क्रूचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो जेवढा पुढे सरकतो ते अंतर, 0.5 मिमी, आणि 28बीवायजे-48 ही स्वस्तातली, ठरावीक टप्प्यांनी फिरणारी स्टेपर मोटर हाफ-स्टेपमधे (अर्ध्या टप्प्यांनी) एका फेऱ्याला साधारण 4096 स्टेप घेते, म्हणजे एका स्टेपला 0.12 मायक्रॉन, आणि मधे तरफ असली की त्याहून कमी. मोटरच्या गिअरमधे थोडा बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना जाणवणारा ढिलेपणा, असतोच, त्यामुळे हव्या त्या जागी नेहमी एकाच बाजूने यायचं.

पण बारीक स्टेप मिळाली म्हणजे स्टेज अचूक झाली असं नाही, माझ्या मते खरी लढाई ड्रिफ्टशी, म्हणजे स्टेज आपोआप हळूहळू सरकण्याशी आहे. पीएलए तापमानाला चांगलंच फुगतं, 5 सेंमीचा तुकडा एका डिग्रीला तीनेक मायक्रॉन वाढतो, म्हणजे एसी चालू-बंद झाला तरी कपलिंग, म्हणजे लेसरचं फायबरमधे नीट शिरणं, गेलं. शिवाय पट्टी खूप वेळ वाकवून ठेवली तर प्लास्टिक हळूहळू तसंच बसतं, म्हणून काम शक्यतो रेंजच्या मध्यावर करायचं.

स्टेज बनवलीत तर आधी फायबर अलाइन करून पॉवर मीटर आणि शेजारी तापमानाचा सेन्सर रात्रभर लॉगिंगला लावा, सकाळी दोन्ही ग्राफ एकावर एक ठेवून बघा आणि मगच ठरवा की स्टेजवर झाकण पुरेल की मोजमापाच्या अधूनमधून मोटरनेच परत अलाइन करत राहावं लागेल.