हायलक्स नको, बोलेरो कॅम्पर हवी

मागच्या दिवाळीत मी पिकअप घ्यायचे ठरवले. हौद्यावर झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली पेटी बसवून सह्याद्रीत आणि पुढे स्पितीपर्यंत फिरायचे, असा बेत होता. तो ऐकताच मित्रमंडळींनी दोनच नावे सुचवली: इसुझूची व्ही-क्रॉस आणि टोयोटाची हायलक्स. दोन्ही गाड्या उत्तम आहेत. हायलक्सचे २.८ लिटरचे इंजिन २०४ अश्वशक्तीचे आहे आणि घाटात ते जाणवते. परंतु विकत घेऊन लगेच वापरायची गाडी आणि आपल्या हाताने घडवायची गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कागदावर वजनांचा हिशेब मांडल्यावर कळले.

चौकोनी पाइपचा सांगाडा, वरून अॅल्युमिनियमचा पत्रा आणि आतून प्लायवुड अशी पेटी अंदाजे अडीचशे किलोची होते. साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो. घरातल्या इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी ठेवली तर आणखी पन्नास किलो वाढतात. शंभर अॅम्पिअर-तासांची लिथियम बॅटरी महाग असली तरी बारा-तेरा किलोंत भागते, म्हणून तिथे मी कंजूषपणा केला नाही. शेगडी, सिलिंडर, अंथरुणे आणि दोन माणसे धरली की आकडा साडेपाचशेच्या पुढे जातो. तेव्हा गाडी किती वेगाने धावते यापेक्षा ती कायम किती ओझे वाहू शकते, हा प्रश्न आधी विचारायला हवा, आणि एक टन माल वाहण्यासाठीच बनवलेली डबल केबिनची महिंद्राची पिकअप बोलेरो कॅम्पर तिथे निर्विवाद पुढे जाते.

रिकाम्या कॅम्परमध्ये मागे बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होतात, ही तक्रार खरी आहे. मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) मालासाठी बसवलेले असल्याने रिकाम्या हौद्याखाली ते वाकतच नाहीत. मात्र माझी पेटी प्रवासात कधीच उतरणार नसल्याने तेच पाटे तिच्या वजनाखाली योग्य तेवढे बसतात आणि गाडी शांतपणे चालते. ७५ अश्वशक्तीचे इंजिन माळशेज घाटात दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळते, हे मान्य आहे. पण मला घाई नाही.

दुसरा मुद्दा कायद्याचा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल मालकाला करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंडाची तरतूद झाली. समोरच्या जाडजूड लोखंडी बंपरला तर केंद्राने २०१७ च्या डिसेंबरातच मनाई केली आहे. म्हणूनच ज्या गाडीत सर्वांत कमी बदल करावे लागतील, तीच घडवायला सर्वांत चांगली, असे माझे मत झाले. चासीला मी वेल्डिंगचा एक टाकाही घालू दिला नाही. पेटी हौद्यातल्या मूळ हुकांना आवळलेली आहे आणि चार बोल्ट सोडले की उतरते. मालवाहू पासिंगमुळे आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेसची तपासणी करून घ्यावी लागेल. त्या दिवशी पेटी अंगणात ठेवूनच आरटीओला जायचे ठरवले आहे.

महिंद्राच्याच स्कॉर्पिओ गेटअवे या पिकअपचा मोह मला अनेक दिवस झाला, हे लपवत नाही. तिचे इंजिन दमदार आहे, पण बंद झालेल्या मॉडेलचा मागचा फाळका किंवा दिवा फुटला तर भंगारबाजार धुंडाळावा लागतो. कॅम्परचा क्लच मात्र तालुक्याच्या कोणत्याही गॅरेजमध्ये बदलून मिळतो.

आता पेटी बनवणाऱ्या फॅब्रिकेटरचा आग्रह आहे, की गाडी आणखी मऊ चालावी म्हणून मागचा एक पाटा काढून टाकू. मी नाही म्हणालो आहे. पाण्याची टाकी भरून, दोघे जण बसून आधी वजनकाट्यावर जाणार आहे.