करवंटीतील फासा

मे महिन्यात मुंबईची नातवंडे चिपळूणला रेल्वेतून उतरून गुहागरला येतात, तेव्हा पहिले चार दिवस समुद्र, आंबे आणि झोपाळा यांतच सरतात. पाचव्या दिवशी दुपारी, बाहेर ऊन रणरणत असताना आणि बहुधा नेमकी वीज गेलेली असताना, "आजी, आता काय खेळायचं?" हा प्रश्न पडवीत येतोच. थोरला नातू दहा वर्षांचा आहे, धाकटी नात साडेपाच वर्षांची, आणि मी सत्तरी ओलांडलेली. आम्हा तिघांनाही सारखाच रंगवील असा खेळ शोधता शोधता मी फाशापाशी येऊन थांबले.

त्याआधी आम्ही कॅरम खेळत असू. माझा नेम अजून चांगला आहे, त्यामुळे धाकटीला जिंकू द्यायचे तर भोकाशी आलेली राणी मला सोडून द्यावी लागे. एके दिवशी तिने माझ्याकडे रोखून पाहिले आणि ती म्हणाली, "तू मुद्दाम हरतेस." तिला राग आला होता आणि तो रास्त होता, कारण तिचा विजय मी तिच्या हातावर खाऊसारखा ठेवत होते हे तिला कळून चुकले होते. फाशाच्या साध्या खेळात असे काही करावेच लागत नाही. सहाचे दान पडण्याची शक्यता तिला जेवढी, तेवढीच मला. मी मनापासून जिंकायला खेळते आणि तरीही ती मला हरवते. मग तिचा जो आरडाओरडा होतो तो अगदी खरा असतो.

सुरुवातीला आम्ही फासा फरशीवरच टाकत होतो. तो उड्या मारत पायरीवरून अंगणात जाई आणि अर्धी दुपार तो शोधण्यात जाई. म्हणून मी एक करवंटी आतून-बाहेरून घासून गुळगुळीत केली. फासा तिच्यात घालायचा, वर तळहात ठेवून खुळखुळवायचा आणि सुपात ओतायचा. सुपाबाहेर गेलेले दान खोटे, ते पुन्हा टाकायचे. या एका नियमाने निम्मी भांडणे मिटली. बाजारातून आणलेल्या एका स्वस्त संचातील फाशावर चारच्या पाठीमागे पाच होते, हे थोरल्यानेच शोधून काढले. नेहमीच्या फाशात समोरासमोरच्या दोन बाजूंची बेरीज सात असते, म्हणजे एकाखाली सहा, दोनाखाली पाच आणि तिनाखाली चार. खेळायला तो फासा तसा वाईट नव्हता, कारण ठिपक्यांची जागा बदलल्याने दान पडण्याची शक्यता बदलत नाही. परंतु थोरल्याला तो पटला नाही आणि त्याने तो बाद केला.

धाकटीसाठीचा खेळ अगदी सोपा आहे. बागेतल्या 20 सुपाऱ्या मध्ये ठेवायच्या, जेवढे दान पडेल तेवढ्या उचलायच्या आणि शेवटच्या उरलेल्या सुपाऱ्यांसाठी नेमके तेवढेच दान यावे लागते. पहिल्या दिवशी ती प्रत्येक ठिपक्यावर बोट ठेवून मोजत होती, चौथ्या दिवशी तिला नुसत्या नजरेने दान कळू लागले. पाचाच्या दानाला ती "झोपाळा" म्हणते. चार कोपऱ्यांना चार कड्या आणि मध्ये बसलेली ती! आता आमच्या घरात कोणीच पाच म्हणत नाही.

थोरल्याला मात्र "शंभरी" प्रिय आहे. एकच फासा, आपल्या पाळीत हवा तितक्या वेळा टाकायचा आणि दाने मिळवत जायची. वाटेल तेव्हा थांबून बेरीज आपल्या नावावर मांडता येते, परंतु तत्पूर्वी एक पडला तर त्या पाळीची सगळी कमाई जाते. जो आधी शंभर गाठेल तो जिंकला. पहिल्या डावात तो 34 पर्यंत पोहोचूनही थांबला नाही आणि पुढच्याच दानाला एक पडला. त्याचे डोळे भरून आले. मी त्याची समजूत घातली नाही. पाटी पुढे ओढली आणि थांबावे कुठे, याचा हिशेब आम्ही दोघांनी मिळून केला. दोनपासून सहापर्यंतच्या पाच बाजू मिळून वीस गुण देतात आणि एकाची बाजू हाती असलेले सगळे नेते. म्हणजे हाती वीसपेक्षा कमी असतील तर पुढे टाकण्यात फायदा अधिक, वीसपेक्षा जास्त असतील तर तोटा अधिक, आणि नेमके वीस असतील तर पारडी समान. त्या दिवसापासून तो विसाला थांबतो. धाकटी थांबत नाही, आणि कधी कधी तीच जिंकते. हे त्याला सोसायला थोडे दिवस लागले.

माझ्या सासूबाईंना फाशांचा आवाज घरात खपत नसे. द्यूत म्हटले की त्यांना भर सभेतली द्रौपदीच आठवे. त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील 34 व्या सूक्तात फाशांपायी घर गमावलेल्या जुगाऱ्याचा विलाप आहे आणि खेळ सोडून शेती कर, असे त्याला सांगितलेले आहे. त्या काळचे फासे बेहड्याच्या फळांचे असत. आपल्या सह्याद्रीच्या रानांत तोच बेहडा आजही आहे. पण वेरूळच्या लेण्यांत शंकर-पार्वती सारीपाट खेळत बसलेले कोरले आहेत, तेही मी मुलांना सांगितले आहे. आमच्या घरात पैसे लावायचे नाहीत आणि डाव संपला की सुपाऱ्या टोपलीत परत जातात, एवढे मी सासूबाईंसाठी पाळते.

सर्वांत रंगला तो होड्यांचा खेळ. पडवीच्या फरशीवर खडूने दोनपासून बारापर्यंत अकरा होड्या काढल्या आणि प्रत्येकीपुढे दहा दहा घरे आखली. दोन फासे टाकायचे, बेरीज येईल ती होडी एक घर पुढे. धाकटीने बाराची होडी धरली, कारण तिचा वाढदिवस 12 तारखेला असतो. बाराची होडी किनाऱ्यावरून हललीच नाही आणि सातची भराभर निघून गेली. दोन फाशांची मिळून 36 प्रकारची दाने पडू शकतात. त्यांत सात सहा प्रकारे येतात, बारा मात्र एकाच प्रकारे, दोन्ही सहा आले तरच. हे थोरल्याने पाटीवर मांडून दाखवले, परंतु तिने होडी बदलायला साफ नकार दिला.

परवा थोरल्याचा फोन आला. गणपतीत येताना त्याने नवा नियम ठरवून ठेवला आहे. जी बेरीज जितक्या प्रकारे येते त्याच्या दुप्पट घरे त्या होडीला द्यायची; सातला बारा घरे, सहा आणि आठला दहा, असे उतरत उतरत दोन आणि बाराला केवळ दोन. "म्हणजे तिला दोनदाच बारा पडायला हवेत, आजी," तो म्हणाला. मागून धाकटीचा आवाज आला, "माझी होडी पुसू नकोस!" पावसाच्या ओलीने फरशीवरचा खडू केव्हाच गेला आहे. मी नवी पेटी आणून ठेवली आहे आणि बाराची होडी आधी काढीन.