लाल माठाचं पान प्रकाशाचं काय करतं: प्रॅक्टिकलचा माझा अनुभव

बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला पानांतल्या रंगद्रव्यांचं प्रॅक्टिकल होतं. ठरलेलं पान पालकाचं. मी मॅडमना विचारून सोबत लाल माठही घेतला. हिरवं पान लाल आणि निळा प्रकाश शोषतं, हिरवा सोडून देतं, हे शाळेपासून पाठ होतं. मग लाल पानाचं कसं भागतं, हा प्रश्न तेवढाच जुना.

जाड शिरा काढून पानं खलात घेतली, वर थोडी स्वच्छ वाळू, चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट आणि ८० टक्के अ‍ॅसिटोन. ही चिमूट कुणी टाळू नये. पान वाटलं की पेशीतलं आम्ल मोकळं होतं, क्लोरोफिलमधलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरवा रंग मळकट होतो. झाकून शिजवलेल्या पालकाचा रंग उतरतो तो याचमुळे. गाळलेला अर्क काळ्या कागदात गुंडाळून ठेवला, कारण पानाबाहेर काढलेलं क्लोरोफिल उजेडात टिकत नाही.

रंग वेगळे करायला कागदावर केशनलिकेने थेंब द्यायचा, वाळू द्यायचा, त्याच जागी पुन्हा द्यायचा. इथे घाई केली की सगळं पसरतं. पेट्रोलियम ईथर नऊ भाग आणि अ‍ॅसिटोन एक भाग अशा मिश्रणात कागद उभा केला. सर्वांत वर पिवळं-केशरी कॅरोटिन, खाली पिवळं झँथोफिल, मग निळसर हिरवं क्लोरोफिल अ आणि तळाशी पोपटी क्लोरोफिल ब. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी भरलेल्या नळीत पानातले रंग असेच सुटे केले होते. माठाच्या कागदावरही हेच पट्टे उमटले! शिवाय एक गर्द गुलाबी ठिपका, पेन्सिलीच्या रेघेवर जिथे ठेवला तिथेच बसलेला. तो बीटासायनिन, माठाला लाल करणारं रंगद्रव्य. पाण्यात विरघळणारा, म्हणून ईथरबरोबर वर चढत नाही. माठ उकळला की पाणी लाल होतं आणि पानं हिरवट दिसू लागतात, त्याचं कारण इथे डोळ्यांसमोर होतं.

खरं कष्टाचं काम स्पेक्ट्रोफोटोमीटरचं, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला गेला हे मोजणाऱ्या यंत्राचं. ४०० नॅनोमीटरपासून ७०० पर्यंत दर १० नॅनोमीटरला रीडिंग, आणि प्रत्येक वेळी आधी नुसत्या अ‍ॅसिटोनची नळी ठेवून शून्य जुळवायचं. कंटाळवाणं आहे, पण यंत्राने आयता आलेख काढून दिला असता तर मला तो इतका कळला नसता. पालकाचा अर्क ४३०च्या आसपास उंच गेला, कॅरोटिनॉइड (कॅरोटिन आणि झँथोफिल) आणि क्लोरोफिल ब यांच्यामुळे ४५०-४७० पर्यंत रेंगाळला, ५०० नंतर खाली आला आणि ६६३च्या जवळ पुन्हा टोकदार चढला. मधली दरी म्हणजे अर्कातून आरपार जाणारा हिरवा प्रकाश.

माठाच्या आलेखात तीच दोन शिखरं होती, पण ५४०च्या आसपास दरीतच एक उंचवटा आला होता. बीटासायनिन हिरवा प्रकाश शोषत होतं. माझ्या बेंचवरच्या मैत्रिणीला वाटलं, म्हणजे माठ जास्तीचा प्रकाश वापरतो. मलाही क्षणभर ते पटलं असतं, पण बीटासायनिन असतं पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे रसाच्या पिशवीत; क्लोरोफिल असलेल्या हरितलवकाच्या बाहेर. कॅरोटिनॉइड शोषलेली ऊर्जा शेजारच्या क्लोरोफिलला देऊ शकतं, कारण दोन्ही एकाच पटलात खेटून बसलेली असतात. बीटासायनिनने शोषलेल्या प्रकाशाची नुसती उष्णता होते.

म्हणून शोषण आणि वापर वेगळे मोजायला हवेत. टेओडोर एंगेलमान यांनी १८८२ मध्ये शेवाळाच्या तंतूवर लोलकातून रंगांचा पट्टा पाडला आणि ऑक्सिजनकडे धावणारे जिवाणू लाल आणि निळ्या भागात गोळा होताना पाहिले. प्रकाश कुठे कामी आला, हे त्या जिवाणूंनी दाखवलं.

पालकाच्या अर्कावर अंधारात नोटा तपासायची जांभळी टॉर्च मारली तर तो रक्तासारखा लाल चमकतो. शोषलेली ऊर्जा पुढे द्यायला द्रावणात कुणी नसतं, म्हणून तिचा बराच भाग लाल प्रकाश होऊन बाहेर पडतो. अख्ख्या पानात ती अभिक्रिया केंद्राकडे, म्हणजे प्रकाशसंश्लेषण जिथे सुरू होतं तिथे जाते, म्हणून चमक अगदी क्षीण असते.

अर्क आणि पान यांत आणखी एक फरक आहे, आणि पान हिरवा प्रकाश सोडून देतं हे शाळेतलं वाक्य इथे अपुरं पडतं. पानात पेशींच्या मधल्या हवेमुळे प्रकाश इकडून तिकडे परावर्तित होत राहतो, त्याची वाट लांबते, आणि हिरव्या प्रकाशाचाही मोठा भाग शेवटी क्लोरोफिलच्याच वाट्याला येतो. पालकाची पानं एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडाकडे धरा. एका पानातून लख्ख हिरवं दिसतं, दुसऱ्या-तिसऱ्या पानानंतर तेही विझत जातं.

शेवटी ६४५ आणि ६६३ची रीडिंग घेऊन क्लोरोफिलचं प्रमाण काढायच्या आर्नन यांच्या १९४९च्या सूत्रात घातली. तिथे बीटासायनिन जवळजवळ काहीच शोषत नाही, त्यामुळे हे सूत्र लाल माठालाही चाललं. माठातल्या क्लोरोफिलचा आकडा पालकाच्या फार मागे नव्हता. जर्नलमध्ये दोन्ही आलेख एकाच कागदावर काढले, आणि ५४०चा उंचवटा गुलाबी पेन्सिलीने.