वहीत सही नाही, म्हणजे सराव नाही!

आयकिदो या जपानी युद्धकलेच्या ब्लॅक बेल्टची परीक्षा अवघड असते का, असं वर्गातली नवी मुलं विचारतात. त्यांना शिहोनागेबद्दल, म्हणजे समोरच्याला फेकण्याच्या डावाबद्दल, ऐकायचं असतं. मी हजेरीवहीबद्दल सांगतो.

टोकियोच्या आयकिकाई या आयकिदो संघटनेच्या मुख्यालयाचा नियम सरळ आहे. पहिलं क्यू, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या आधीची शेवटची पायरी, मिळाल्यावर किमान ७० दिवस सराव झाला की शोदानला, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पहिल्या पायरीला, बसता येतं. माझे दिवस केव्हाच भरले होते. पण पुण्यात आमचा वर्ग शाळेच्या हॉलमध्ये भरतो आणि गणपतीत तो हॉल कार्यक्रमांना जातो. तेवढे दिवस आम्ही एकाच्या गच्चीवर, पत्र्याखाली मॅट टाकून सराव केला. वही मात्र शाळेच्या कपाटात, किल्ली शिपायाकडे आणि शिपाई कोकणात.

अर्ज तपासणाऱ्या गृहस्थांनी पानं उलटली. "दिवस कमी पडतायत."

"अहो, गच्चीवर होतो आम्ही. सर स्वतः शिकवत होते."

"असतील. वहीत सही नाही, म्हणजे सराव नाही."

सरांचं पत्र नेलं, तर म्हणे तारीखवार हवं. तारीखवार नेलं, तर म्हणे हे आत्ता लिहिलेलं दिसतंय. आत्ताच लिहिलं होतं! परीक्षा घेणारे शिहान, म्हणजे ज्येष्ठ गुरू, बाहेरून यायचे, तेही वर्षातून एकदा, त्यामुळे माझा जीव टांगणीला. फोन केला की "साहेब जेवायला गेलेत." शेवटी वर्गातल्या एका ताईंनी वाचवलं. त्यांना रोज ग्रुपवर फोटो टाकायची हौस. ते सगळे तारखेसकट छापून नेले. गृहस्थांनी चष्मा वर करून प्रत्येक फोटोत मला शोधलं. एकात मी पाठमोरा होतो. "हे तुम्हीच कशावरून?" पिशवीतून गी, म्हणजे सरावाचा पोशाख, काढला आणि पाठीवरचं आईने लावलेलं ठिगळ दाखवलं. तेव्हा कुठे शिक्का उठला.

परीक्षेचं काय सांगू? सुरुवातीलाच गुडघ्यांवर बसून शोमेनउची इक्क्यो, म्हणजे डोक्यावरच्या वारावर हात धरून खाली दाबायचा डाव, मग हान्मी हांदाची, म्हणजे आपण बसलेले आणि हल्ला करणारा उभा. गुडघे सोलवटतात, तेव्हा महिनाभर आधीपासून रोज थोडं गुडघ्यांवर चालत जा. आपल्यापेक्षा वजनदार माणसाबरोबर सराव करा. शेवटच्या मुक्त हल्ल्यांत दम लागतो तो घाईमुळे, श्वास सोडायला विसरू नका. आणि हो, अर्जावर नाव पासपोर्टप्रमाणेच लिहा, नंतर दुरुस्ती म्हणजे पुन्हा तेच गृहस्थ.

प्रमाणपत्र टोकियोहून यायला बराच वेळ लागला. दोशु, म्हणजे आयकिदोचे प्रमुख, मोरितेरु उएशिबा यांच्या नावाचा तो जपानी कागद आईने लगेच फ्रेम करून घेतला. पुढच्या निदानला, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या दुसऱ्या पायरीला, किमान एक वर्ष आणि २०० दिवस सराव लागतो. हल्ली सराव संपला की आधी वहीच्या पानाचा फोटो काढतो, मग पाणी पितो.